ओसाड कशास म्हणावें?

"तेथें आहे तरी काय पाहण्यासारखें?" हा प्रश्न गेल्या हिंवाळ्यांत एकाच रात्रीं आम्हांस तीन वेळां विचारण्यांत आला, आणि तिन्ही वेळां विचारणारी मंडळी सुशिक्षित, प्रवासाची हौस असलेली व आमच्याविषयीं मनापासून आस्था बाळगणारी होती. प्रसंग असा कीं, लॉस एंजेलिसजवळ स्थायिक झालेल्या एका स्नेह्यांकडे आम्ही पंधरा दिवस राहावयास गेलों होतों. पाहुण्यांस दाखवावयाच्या स्थळांची यादी आधींच तयार होती. सिनेमांचे कारखाने, करमणुकीचीं उद्यानें, समुद्रकिनारा, मोठमोठे बाजार, सारें तींत होतें. आम्हीं त्यांतून एक दिवस मागून घेतला, जोशुआ ट्री राष्ट्रीय उद्यानाच्या दक्षिण टोंकास गेलों, आणि दिवसभर वाळवंटांत एकटेच पायीं हिंडून परत आलों. ('आम्ही' हें अनेकवचन केवळ लेखनाच्या रिवाजाचें, वाटेवर माणूस एकच होतें.)

रात्रीं जेवतांना ही हकीकत निघाली आणि आमच्यावर तीन आरोप ठेवण्यांत आले. पहिला, ओसाड वाळवंटांत पाहण्यासारखें कांहींच नसतें. दुसरा, तेथें एकट्यानें जाणें हा अविचार तर आहेच, पण घरच्या मंडळींस टाकून जाणें हा आपमतलबीपणाही आहे. तिसरा आरोप आमच्यावर नसून उद्यानावरच होता: एवढी थोरली जमीन नुसती पडून ठेवणें ही श्रीमंत देशाची चैन होय. यजमानांच्या वृद्ध मातोश्रींनीं तेवढें वेगळें विचारलें, "पाणी पुरलें ना हो?" त्या रात्रीं आम्ही दुसऱ्याच्या पानावर बसलों असल्यामुळें गप्प राहिलों. येथें तें बंधन नाहीं.

पहिल्या आरोपाला उत्तर म्हणून आम्ही काय पाहिलें तेंच सांगतों. कॉटनवुड नांवाच्या झऱ्यापासून 'लॉस्ट पाम्स' नांवाच्या ताडांच्या राईपर्यंत एक पायवाट जाते. जाऊन येऊन साडेसात मैल, म्हणजे सुमारें बारा किलोमीटर. झऱ्याजवळच्या खडकांत उखळासारखे खळगे आहेत. काहुइया नांवाच्या तेथील मूळच्या लोकांनीं बिया व शेंगा कुटून कुटून ते पाडले. आम्हीं एका खळग्यांत हात घालून पाहिला. आंतला दगड पाट्यासारखा गुळगुळीत लागला. ज्या जागेला आमचे स्नेही ओसाड म्हणतात, तें पिढ्यान् पिढ्या कोणाचें तरी स्वयंपाकघर होतें, हें समजण्यास पहिलीं पन्नास पावलेंही टाकावीं लागत नाहींत. फक्त मोटारींतून उतरावें लागतें.

पुढें वाट कोरड्या ओढ्यांच्या पात्रांतून आणि खडकाळ धारांवरून चढते-उतरते. ज्या झाडावरून उद्यानाला नांव पडलें तें जोशुआचें झाड या बाजूस नाहींच. त्याचें राज्य उत्तरेकडच्या उंच व थंड पठारावर. येथें राज्य क्रिओसोट नांवाच्या साध्या, काटकुळ्या, हिरवट-पिंवळ्या झुडपाचें. कोणाही प्रवाशानें त्याकडे दुसऱ्यांदा पाहूं नये असें त्याचें रूप. पण याच उद्यानाच्या वायव्येस मोहावीच्या वाळवंटांत या जातीचें एक झुडूप वर्तुळाकार पसरत गेलेलें आहे, आणि त्याचें वय अकरा हजार वर्षांहून अधिक असावें असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. म्हणजे वेदांची रचना झाली त्या काळींही तें झुडूप जुनेंच होतें. ओकोटिलो नांवाची दुसरी वनस्पति म्हणजे काटेरी छड्यांची मोळी कोणीं जमिनींत उभी रोवून ठेवावी तशी दिसते. पाऊस पडला कीं थोड्याच दिवसांत त्या छड्या पानांनीं भरतात. ओल संपली कीं तीच पानें निमूटपणें टाकून देतात. मिळकतीप्रमाणें खर्च करण्याचा हा धडा आम्हां मध्यमवर्गीयांना पुस्तकांतून अनेकवार शिकविण्यांत आला, पण इतका स्पष्ट कोठें पाहिला नव्हता.

अखेरीस वाट एका अरुंद दरींत एकदम खालीं उतरते, आणि त्या उघड्या बोडक्या दगडांच्या तळाशीं पंख्याच्या आकाराच्या पानांचे उंच ताड दाटीनें उभे असलेले दिसतात. वाळलेल्या झावळ्या गळून न पडतां खोडाभोंवतीं घागऱ्यासारख्या लोंबत राहतात. भूगर्भांतील पाणी खडकाच्या भेगांतून जेथें वर येऊं शकतें तेथेंच हे ताड उगवतात. म्हणून ताड दिसला कीं पायाखालीं पाणी आहे हें ओळखावें. तेथें बसून आम्हीं वहिनींनीं दिलेल्या दशम्या खाल्ल्या. एक डोमकावळा डोक्यावरून गेला, आणि त्याच्या पंखांनीं हवा कापल्याचा आवाज आम्हांस स्वच्छ ऐकूं आला. आमच्या घरावरून रोज शेंकडों कावळे जातात. त्यांच्या पंखांना आवाज असतो हें आम्हांस त्या दिवशीं कळलें.

आतां दुसरा आरोप. त्यांतील अर्धा भाग आम्ही मान्य करतों. वाळवंट हें थट्टेचें ठिकाण नव्हे. उन्हाळ्यांत तेथें उष्म्यानें माणसें दगावलीं आहेत, आणि मोबाइल फोन बहुतेक ठिकाणीं मुका होतो. म्हणूनच आम्ही जानेवारींत गेलों. चार लिटर पाणी पाठीवर घेतलें. कोणत्या वाटेनें जाणार व किती वाजेपर्यंत परतणार हें यजमानांस लिहून दिलें. आणि निम्मेंपाणी संपतांच जेथें असूं तेथून मागें फिरावयाचें असा नियम ठरविला. एवढें करून जो एकटा जातो तो अविचारी, आणि दहा जणांत मिळून दोन बाटल्या घेऊन, पायांत घरच्या सपाता घालून, "वाट कोणाला तरी ठाऊक असेलच" या भरंवशावर जो निघतो तो शहाणा, हें आम्हांस पटत नाहीं. जमावांत प्रत्येकजण काळजी दुसऱ्यावर टाकतो. एकट्याला ती टाकावयास जागा नसते.

राहिला आपमतलबीपणा. हा आरोप मराठी माणसाच्या तोंडीं ऐकून आम्हांस विशेष नवल वाटलें. तुकोबाराय भंडाऱ्याच्या डोंगरावर एकांतासाठीं जात, हें ज्यांच्या देवघरांत गाथा आहे त्यांना आम्हीं सांगावयास नको. संतांचें सोडा, ती मोठी गोष्ट आहे, असें कोणी म्हणेल. तर मग ज्या उद्यानाविषयीं आपण बोलत आहों त्याचीच कथा ऐकावी. पासाडेना शहरांत मिनर्व्हा हॉइट नांवाची एक सधन घरची बागवेडी स्त्री होती. तिचें तान्हें मूल गेलें, पुढें पतीही गेला. या दुःखांत तिला विसांवा मिळाला तो वाळवंटांतील रात्रींच्या एकांतांत. त्याच काळीं शहरांतील बागांच्या शोभेसाठीं वाळवंटांतील निवडुंग व झाडें मुळासकट उपटून गाडीगाडीनें नेलीं जात होतीं. ज्या एकांतानें आपणांस सांवरलें तो लुटला जात आहे, हें पाहून ही बाई उठली. न्यूयॉर्क, बोस्टन व लंडन येथें वाळवंटांतील वनस्पतींचीं प्रदर्शनें तिनें मांडलीं, १९३० सालीं वाळवंटांच्या रक्षणासाठीं एक संघ स्थापला, आणि सरकारदरबारीं वर्षानुवर्षें खेटे घातले. अखेर १० ऑगस्ट १९३६ रोजीं अध्यक्ष रूझव्हेल्ट यांनीं सुमारें सव्वाआठ लक्ष एकर भूमि राष्ट्रीय स्मारक म्हणून राखून ठेवली. २०२२ सालीं या उद्यानांत तीस लक्षांहून अधिक लोक आले. एका विधवेचा एकांत आपमतलबी ठरला असता, तर या तीस लक्षांना तेथें पाहावयास काय उरलें असतें?

यावरूनच आम्ही तिसऱ्या आरोपाकडे येतों, आणि आमच्या मतें खरा वाद येथेंच आहे. "पडून राहिलेली जमीन" हे शब्द निरुपद्रवी नाहींत. राखून ठेवलेल्या त्या भूमीपैकीं जवळजवळ एक तृतीयांश भाग १९५० सालीं खाणींसाठीं कायद्यानें काढून घेण्यांत आला. आम्ही ज्या ताडांखालीं बसलों ते ईगल पर्वताच्या रांगेंत आहेत. त्याच रांगेचा पूर्वेकडचा भाग असा गेला, आणि तेथें लोखंडाची प्रचंड उघडी खाण चालली. १९८० नंतर थोड्याच वर्षांत ती खाण बंद पडली. मग त्या पोखरलेल्या डोंगराचें करावयाचें काय? तर लॉस एंजेलिसचा कचरा, रोज हजारों टन, आगगाडीनें आणून तेथें ओतावयाचा, अशी योजना निघाली! राष्ट्रीय उद्यानाच्या वेशीवर महानगराची उकिरड्याची खाई! शेजारचे कांहीं रहिवासी व निसर्गप्रेमी लोक न्यायालयांत वर्षानुवर्षें लढले, तेव्हां कोठें २०१३ सालीं ती योजना सोडून देण्यांत आली. वाचकांनीं हा क्रम ध्यानांत घ्यावा. आधीं भूमीला ओसाड म्हणावयाचें, मग ती खणावयाची, आणि खणून खरोखरच ओसाड झाली म्हणजे तिच्यावर आपला कचरा टाकावयाचा. पहिल्या शब्दाला कोणीं हरकत घेतली नाहीं, तर पुढच्या दोन गोष्टींना हरकत घेणें फार महाग पडतें.

१९९४ सालीं या स्मारकाला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला व गेलेल्या भूमीपैकीं बरीच परत आली. पण कायदा झाला म्हणून काळजी संपत नाहीं. २२ डिसेंबर २०१८ पासून पस्तीस दिवस अमेरिकेच्या सरकारचा खर्चाचा ठराव अडून बसला. उद्यानाचे दरवाजे उघडे आणि राखणदार बहुतेक घरीं, अशी स्थिति झाली. तेवढ्या अवधींत कांहीं लोकांनीं रस्ता सोडून मोटारी वाळवंटांत घातल्या व जोशुआचीं कांहीं झाडें मोडलीं. हे लोक अडाणी होते असें आम्हांस वाटत नाहीं. तेथें नासण्यासारखें कांहीं आहे, हेंच त्यांच्या डोळ्यांस कधीं दिसलें नव्हतें.

हें सारें सातासमुद्रांपलीकडचें झालें, आपणांस त्याचें काय, असें कोणी म्हणेल तर त्यानें आपल्याच बोलीकडे पाहावें. सोलापूर-नगरकडच्या गवताळ माळांना आपण काय म्हणतों? पडीक. सरकारी दप्तरांतही अशा माळांची गणना पडीक जमिनींत होत आली. या पडीक म्हटलेल्या माळावरच माळढोक पक्षी राहतो, उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडें घालतो, आणि झाडी लावून माळ 'सुधारला' तर तेथून नाहींसा होतो. सोलापूर जिल्ह्यांत नान्नज येथें त्याच्यासाठीं १९७९ सालीं अभयारण्य झालें. आज तेथें माळढोक दृष्टीस पडणें अतिशय दुर्मिळ झालें आहे. आपल्यापैकीं किती सुशिक्षित कुटुंबांनीं सुट्टींतला एक दिवस त्या माळावर घालविला आहे? महाबळेश्वरचे पॉइंट मोजणारे आपण, माळावरून जातांना मोटारीची कांच वर करतों.

आमच्यावर उलटा आक्षेप येईल कीं, तुम्हीही विमानानें व मोटारीनेंच तेथवर गेलांत. आणि सगळेच असे एकटे हिंडूं लागले तर एकांत तरी उरेल काय? पहिल्याला आमच्याजवळ सबळ उत्तर नाहीं, आम्ही तें कबूल करतों. दुसऱ्याची भीति मात्र व्यर्थ आहे. त्या लाखों लोकांपैकीं त्या दिवशीं आमच्या वाटेवर आम्हांस चारच माणसें भेटलीं. बाकीचे सडकेच्या कडेला उतरून, छायाचित्र घेऊन, पुढच्या छायाचित्रास निघून गेले होते. आम्ही त्यांना हांसत नाहीं. त्यांनीं तेथें कांहीं नाहीं असा निकाल मात्र देऊं नये, एवढेंच आमचें म्हणणें आहे. ज्यानें साक्ष ऐकली नाहीं त्यानें निकाल देऊं नये, हा नियम कोर्टांत चालतो. तो भूमीलाही लागू असावा.

तेव्हां आमच्या वाचककुटुंबांस आमची एक सूचना आहे. पुढच्या सुट्टीच्या यादींत एक दिवस मोकळा ठेवावा, आणि घरांतील जें कोणी मागेल त्याला, मग तो मुलगा असो, सून असो कीं निवृत्त झालेले आजोबा असोत, योग्य तयारीनिशीं, एखाद्या निर्धोक व परिचित अशा 'ओसाड' जागीं एकटें जाऊं द्यावें. परत आल्यावर "तेथें काय होतें?" असें जरूर विचारावें. मात्र विचारल्यावर उत्तर ऐकून घेण्यास थोडा वेळ बसावें. आम्हांस त्या रात्रीं तो वेळ मिळाला नाहीं. फक्त त्या मातोश्री, पानें उचलल्यावर, आमच्याजवळ येऊन बसल्या. पाणी पुरलें, एक लिटर उरलेंही, हें आम्हीं त्यांना सांगितलें. आणि मग त्या खडकांतल्या उखळांविषयीं त्यांनीं आम्हांस बराच वेळ विचारलें, तीं किती खोल होतीं, आणि बायका कुटतांना बसत असतील कीं उभ्या राहत असतील.