पुसाच्या छताखाली आमचे शेत कुठे आहे?



जिल्हा बैठकीत भावाची चर्चा होते, कर्जाची होते, विजेची होते. संशोधनाची होत नाही. ते शिकलेल्यांचे काम, असे म्हणून आपण तो विषय सोडून देतो आणि तिथेच फसतो. बियाण्याच्या पाकिटात काय असावे हे ज्या खोलीत ठरते, त्या खोलीत आपला माणूस कधीच नसतो. म्हणून या वेळी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेबद्दल, म्हणजे सगळे जिला 'पुसा' म्हणतात तिच्याबद्दल बोलायचे आहे.

१९०५ साली बिहारमधल्या पुसा गावी लॉर्ड कर्झनने तिचा पाया घातला. पैसा आला हेन्री फिप्स या अमेरिकन धनिकाच्या देणगीतून. (फिप्स ऑफ यूएसए म्हणून 'पुसा', असे काही जण सांगतात. गावाचे नाव त्याआधीपासूनचेच आहे.) १९३४ च्या भूकंपात इमारतीची वाताहत झाली आणि १९३६ मध्ये संस्था दिल्लीला आली. १९५८ पासून तिला विद्यापीठाचा दर्जा आहे. वाण तयार करणारे, किडींचा अभ्यास करणारे, मातीवाले, पाणीवाले, अर्थशास्त्रवाले असे सगळे एका आवारात, आणि त्यांच्या हाताखाली एम.एस्सी., पीएच.डी. करणारी देशभरची पोरे. हीच पोरे पुढे कृषी विद्यापीठांत प्राध्यापक होतात आणि पुसाची रीत खालपर्यंत झिरपते.

संस्थेने काहीच केले नाही, असे आम्ही म्हणणार नाही. साठीच्या दशकात बुटक्या गव्हाचे काम तिथे झाले, त्याने देशाची आयात थांबवायला मदत झाली. २००३ मध्ये आलेल्या पुसा बासमती ११२१ ने पंजाब-हरियाणाच्या शेतकऱ्याच्या घरात चार पैसे आले. त्याचा आम्हाला हेवा नाही. पण ते तिथे का जमले, हे नीट पाहा. पाणी कालव्याचे किंवा ट्यूबवेलचे, जमीन सपाट, गव्हाची खरेदी सरकारची. बाकी सगळे जागच्या जागी असले की नुसता वाण बदलून उत्पन्न वाढते. एका शास्त्राने काम भागते. आमच्याकडे तसे नाही. एकाच गावात वरच्या अंगाला मुरमाड, खाली काळी. मृगाचा पाऊस लागला तर पेरणी, नाही लागला तर दुबार. इथे एकट्या शास्त्राचे काही चालत नाही, सगळ्यांनी एकत्र बसायची खरी गरज इथे आहे. आणि नेमके इथेच ते एकत्र बसले नाहीत.

ज्वारीचे घ्या. १९६४ मध्ये सीएसएच-१ ही पहिली संकरित ज्वारी आली. लवकर येणारी, बुटकी, दाणा भरपूर. वाण करणाऱ्याने क्विंटल मोजले आणि तो खूश झाला. पण लवकर येणारी म्हणजे परतीच्या पावसात सापडणारी. कणसे भिजली, दाणा काळा पडला, व्यापाऱ्याने भाव पाडला. बुटकी म्हणजे कडबा कमी. बैलाला काय घालायचे, हे जनावरांच्या शास्त्रज्ञाला कोणी विचारले नव्हते. भाकरी कशी होते, हे तर आमच्या मायबहिणींना विचारायचे कोणाच्या मनातही आले नसेल. उशिरा पेरली की खोडमाशी हजर, मग कीटकशास्त्र विभागाने औषधाची शिफारस काढली. विभाग सगळे होते, प्रत्येकाने आपापला कागद लिहिला. इकडे १९३० च्या दशकात मोहोळला निवडलेली मालदांडी आजही बाजारात ज्वारीचे माप ठरवते.

हे दुखणे जुने आहे. अल्बर्ट हॉवर्ड नावाचा इंग्रज १९०५ पासून पुसातच होता. माती, पीक, जनावर हे सगळे एकत्र पाहायला हवे, असा त्याचा हट्ट. विभागांच्या भिंतींनी तो वैतागला आणि १९२४ मध्ये इंदूरला वनस्पती उद्योग संस्था काढून तिथे गेला. यशवंत वाड यांच्यासोबत त्याने कंपोस्टची इंदूर पद्धत बसवली. शेणखत-काडीकचऱ्याचा जो ढीग आपण रचतो, त्याची शास्त्रशुद्ध रीत ती. त्या संस्थेला पैसा कोणाचा? भारतीय मध्यवर्ती कापूस समितीचा. आणि समितीला पैसा कापसाच्या गाठीवरच्या सेसचा, १९२३ च्या कायद्याने लावलेला. सेस गिरणी आणि निर्यातदार भरतात, असे कागद म्हणायचा. भाव पाडून तो कोणाच्या खिशातून वसूल झाला, हे आम्ही कापूसवाल्यांनी एकमेकांना सांगायला नको. म्हणजे सगळी शास्त्रे एका ठिकाणी आणायचा देशातला एक चांगला प्रयोग कापसाच्या पैशावर झाला. समिती १९६६ मध्ये मोडीत निघाली. आम्हाला मोजूही न देता आमचे पैसे घेणारी का होईना, एक जागा होती. तीही गेली.

आता बिकानेरी नरमा. बीटी कापूस २००२ मध्ये आला तो कंपन्यांच्या हायब्रीडमध्ये. दरवर्षी नवे पाकीट. सरकारी संस्थांनी ठरवले, सरळ वाणात बीटी आणू, शेतकरी सरकी ठेवील आणि पुढच्या वर्षी पेरील. केवढे मोठे काम! नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था, धारवाडचे कृषी विज्ञान विद्यापीठ आणि पुसाच्याच आवारातले जैवतंत्रज्ञान केंद्र एकत्र आले. २००८ मध्ये मान्यता मिळाली, २००९ मध्ये बियाणे शेतकऱ्याच्या हाती आले आणि लगेच मागेही घेतले गेले, कारण त्यात मोन्सॅन्टोचे जनुक सापडले. सोपोरी समितीने चौकशी करून भेसळ झाल्याचे सांगितले. जनुक एकीकडे, रोप दुसरीकडे, बियाण्याची वाढ तिसरीकडे. मध्ये तपासून पाहायची जबाबदारी कोणाची, हेच ठरलेले नव्हते. एका प्रयोगशाळेच्या गलथानपणाची किंमत आम्ही किती वर्षे पाकिटात मोजली, याचा हिशेब कोणत्या अहवालात आहे? पुढे गुलाबी बोंडअळी बोलगार्ड-२ ला दाद देईना. २०१७ मध्ये पऱ्हाटी हातची गेली, आणि त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या वर शेतकरी-शेतमजूर मेले. सहा-सात महिने शेतात राहणारे हायब्रीड, त्यावर फरदड, म्हणजे अळीला बारमाही खानावळ. हे किडीचे शास्त्र आहे, वाणाचे आहे, आणि पैशाचेही आहे. हातात पैसा नसलेला माणूस शेवटचे चार वेचे सोडत नाही.

आमच्याही गाठीला एक गोष्ट आहे. एका कृषी विद्यापीठात आम्ही एम.एस्सी. करत होतो. विषय कोरडवाहू कापसाच्या खताच्या मात्रेचा, प्लॉट विहिरीला लागून. पावसाने तीन आठवडे ताण दिला तेव्हा मार्गदर्शक म्हणाले, 'पाइप लावून घ्या, नाही तर प्रयोग वाया जाईल.' आम्ही पाइप लावला. प्रबंधात ते 'संरक्षित ओलीत' म्हणून एका ओळीत गेले, शिफारशीत तेवढीही ओळ उरली नाही. ती शिफारस कोरडवाहूसाठी म्हणून छापली गेली. ती वाचून खत टाकणाऱ्यांत आमचे वडील होते. त्या वर्षी खताची उधारी फिटली नाही. आम्हाला पदवी मिळाली.

तेव्हा मोठ्या संस्था बंद करा, अशी आमची मागणी नाही. कंपन्यांच्या हाती सगळे सोपवून मोकळे होणाऱ्यांना ती हवीच असेल. २००९ मध्ये दुष्काळासारख्या ताणांच्या अभ्यासासाठी नवी राष्ट्रीय संस्था काढली तीही बारामती तालुक्यात, माळेगावला. माळेगाव म्हटले की साखर कारखाना आठवतो. जागा खडकाळ आहे, हे कबूल. पण पांढरकवडा किंवा घनसावंगी कोणाला सुचले नाही.

आमचे म्हणणे असे आहे. कापूस आणि ज्वारीवर पदव्युत्तर प्रबंध करणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याचे दोन हंगाम शेतकऱ्याच्या कोरडवाहू रानात गेले पाहिजेत, पाइप न लावता. पीक जळाले तर जळाले म्हणून लिहावे आणि त्यावर पदवी द्यावी. त्याला वाण, कीड, माती आणि अर्थशास्त्र यांचे मार्गदर्शक मिळून नेमावेत, आणि त्या चौघांनी हंगामात निदान तीनदा एकाच दिवशी, एकाच बांधावर यावे. सरकारी वाणाचे बियाणे बाहेर पडण्याआधी त्याची तपासणी करणाऱ्या माणसाचे नाव जाहीर असावे. जमीन सरकारने शोधू नये. ती आम्ही देऊ.

येत्या बैठकीला येताना प्रत्येक गावाने दोन कागद आणावेत. एकावर शास्त्रज्ञांना विचारायचा आपल्या रानातला एक प्रश्न, दुसऱ्यावर एक एकर द्यायला तयार असलेल्याचे नाव, गट नंबर आणि जमिनीचा प्रकार. ज्यांना लिहायची सवय नाही त्यांनी शाळेत जाणाऱ्या मुलीकडून लिहून घ्यावे. ठराव त्याच दिवशी करायचा आहे.