अकरा महिन्यांचे मायबाप सरकार

धाराशिवचा पदवीधर बेकार नाही, तो 'प्रशिक्षणार्थी' आहे, असे सरकारी दप्तर सांगते. 2024 साली विधानसभेची निवडणूक तोंडावर आली आणि सरकारला एकाएकी बेकारांचा पुळका आला. 'मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना' निघाली. बारावीला महिना सहा हजार, आयटीआय-पदविकेला आठ, पदवीधराला दहा. ग्रामपंचायतीत, शाळेत, तहसीलच्या टेबलावर ही पोरे बसली आणि रिकाम्या खुर्च्यांची कामे निमूट उपसू लागली. सहा महिने सरले, ओरड झाली, आणखी पाच महिने वाढवून दिले. मग घरची वाट! आम्ही विचारतो, ज्या कामाला अकरा महिने माणूस लागत होता, त्या कामाला बाराव्या महिन्यात माणूस लागेनासा झाला काय? काम आहे, टेबल आहे, फायलींचा ढीग आहे. नाहीसे झाले ते फक्त मतदान.

ही युक्ती सरकारने कुठून उचलली, ते चाकण-रांजणगावच्या कारखान्यांत गेलेल्या कुठल्याही कळंब-उमरग्याच्या पोराला विचारा. तो सांगेल, तिकडे 'ब्रेक' देतात. महाराष्ट्राच्या आदर्श स्थायी आदेशांत 240 दिवस सलग राबलेल्या तात्पुरत्या कामगाराला कायम करण्याची तरतूद आहे. हंगामी उद्योगात तर 190 दिवसांचीच. म्हणून ठेकेदार सातव्या महिन्यात गेटपास काढून घेतो, पंधरा दिवस खोलीवर बसवतो आणि नव्या नावाच्या एजन्सीखाली त्याच मशीनवर पुन्हा उभा करतो. माणूस तोच, मशीन तेच, दिवस मात्र पुन्हा एकपासून. या लबाडीवर कामगार खात्याने आसूड ओढावा, ही अपेक्षा. पण ज्या सरकारने स्वतःच ब्रेक द्यायला सुरुवात केली, त्याच्या निरीक्षकाने कुठल्या तोंडाने कारखान्याच्या फाटकात पाऊल टाकावे?

मंदी, मंदी म्हणून शहरात जो शब्द ऐकू येतो, तो धाराशिवला शेअर बाजारातून येत नाही, मोंढ्यातून येतो. सोयाबीनचा हमीभाव 2024-25 साली 4,892 रुपये जाहीर झाला आणि आडतीत शेतकऱ्याच्या हाती त्याहून कितीतरी कमी पडले. 2025 च्या सप्टेंबरात भूम-परंड्यात पुराने शिवारेच्या शिवारे खरवडून नेली, माणसांना हेलिकॉप्टरने उचलावे लागले. सोयाबीन गेले की किराणा दुकान थंडावते, ट्रॅक्टरचा हप्ता थकतो, गवंड्याचे काम बंद पडते. मग घरातला धाकटा पुण्याच्या गाडीत बसतो. ज्याला तेवढेही जमत नाही, तो मुकादमाकडून उचल घेतो आणि बायकोसह ऊसतोडीच्या कोयत्याला जातो. नवरा-बायको मिळून एक कोयता: दोन माणसे, हिशेब एक. हंगाम संपतो, उचल फिटत नाही, ती पुढच्या हंगामाच्या डोक्यावर बसते. या जिल्ह्यात कायमस्वरूपी काम कुठले असेल तर ते हे आहे!

आणि हे कुठल्या राज्यात घडते? 1972 च्या दुष्काळात ज्याने काम मागणाऱ्याला काम देण्याची रोजगार हमी योजना उभी केली, त्या महाराष्ट्रात. वि. स. पागे यांची ही कल्पना. 1977 साली तिचा कायदा झाला, 26 जानेवारी 1979 पासून तो अमलात आला. दिल्लीला ही अक्कल यायला 2005 साल उजाडले. महाराष्ट्राच्या या योजनेसाठी 1975 साली पगारदारांवर व्यवसाय कर बसवला गेला. शहरातल्या नोकरदाराने खेड्यातल्या बेकाराची चूल पेटती ठेवायची, हा त्यामागचा करार. तो कर आजही पगारातून बिनचूक कापला जातो. ज्यांनी तेव्हा उस्मानाबाद म्हणवणाऱ्या या जिल्ह्याच्या माळावर खडी फोडली आणि सुकडी खाऊन दुष्काळ काढला, त्यांचे नातू आज एम.ए., बी.एड. आहेत. त्यांच्यासाठी राज्याजवळ खडीही नाही, हमीही नाही. आहे ते मानधन!

कायदा म्हणाल तर तोही आहे, आणि तो साधासुधा नव्हे, घटनेतला. कलम 371(2) मध्ये मराठवाड्यासाठी विकास मंडळ, तांत्रिक शिक्षणाची पुरेशी सोय आणि राज्याच्या सेवेत नोकरीची पुरेशी संधी, यांची विशेष जबाबदारी राज्यपालांवर टाकता येते. 1974 साली मराठवाड्यातले विद्यार्थी रस्त्यावर उतरले, त्यांच्या मागण्यांत रोजगार होता. मंडळ यायला 1994 उजाडले. 30 एप्रिल 2020 रोजी त्याची मुदत संपली. 2022 साली मंत्रिमंडळाने पुनरुज्जीवनाचा ठराव केला आणि सगळे निवांत झाले. मुंबईत ज्यांना आमदारकीच्या रिकाम्या जागेसाठी झोप लागत नाही, त्यांना मराठवाड्याच्या मुदत सरलेल्या मंडळापायी एक रात्रही जागून काढावीशी वाटली नाही.

पक्षांचे म्हणाल तर सारे एका माळेचे मणी. 6 सप्टेंबर 2023 रोजी नऊ खासगी एजन्सींमार्फत सरकारी पदे भरण्याचा आदेश निघाला. पोरे पेटून उठली, ऑक्टोबरात तो मागे घ्यावा लागला. मागे घेताना लाज वाटावी, तर बोट दाखवले गेले आधीच्या सरकारांकडे: कंत्राटी भरतीचे पाप तुमचे! त्यांनी ते नाकारले, पण आपल्या कारकिर्दीत ते फेडले का, हे सांगितले नाही. त्याच वर्षी तलाठ्यांच्या साडेचार हजारांच्या आसपास जागांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले. शुल्क हजार रुपये, मागासवर्गीयांना नऊशे. गुणाकार वाचकांनीच करावा. बेकारीतून महसूल काढण्याची ही कला इंग्रजालाही साधली नव्हती. 2024 च्या पोलीस भरतीत 17,471 जागांसाठी सतरा लाखांवर अर्ज होते. एका जागेमागे शंभर धावतात. नव्याण्णव जण मैदानाबाहेर येऊन एकमेकांची जात मोजतात, कोणाच्या आरक्षणाने आपली जागा खाल्ली याचा हिशेब करतात. जागा मुळात शंभरास एक का, हे कोणी विचारीत नाही. राज्यकर्त्यांना याहून सोयीचे भांडण कोणते?

उद्योगांचे काय? 2018 साली केंद्राने हा जिल्हा 'आकांक्षित' ठरवला. 9 जानेवारी 2019 रोजी सोलापूर-तुळजापूर-उस्मानाबाद रेल्वेची मंजुरी जाहीर झाली. कौडगावच्या एमआयडीसीत तांत्रिक वस्त्रोद्योगाचे संकुल उभे करण्याच्या घोषणा ऐकून आमचे कान किटले. ढोकीच्या तेरणा साखर कारखान्याची चिमणी वर्षानुवर्षे थंड राहिली, कामगार म्हातारे झाले, मग तो भाड्याने गेला. भूम-वाशीच्या डोंगरावर पवनचक्क्या फिरतात. गावाच्या वाट्याला फार तर वॉचमनकी. भूमचा खवा राज्यभर जातो, पण भट्टी अजून धुराने डोळे जाळणारी. सोयाबीन इथे पिकते, तेल दुसरीकडे निघते. पिकाला जोडून कारखानदारी उभी राहिली असती, तर पोरांना गाडी धरावी लागली नसती.

मात्र सगळा दोष मुंबईच्या माथी मारून आपण सुटणार नाही. खासगी शिक्षणसंस्थांत मास्तरकीसाठी एकरांच्या भावाने पैसे मोजणारे बाप याच जिल्ह्यात आहेत. ते पैसे घेणारे संस्थाचालक गणपतीच्या मांडवात सत्कार घेतात. मुलगा 'सरकारी' लागला की हुंड्याचा आकडा फुगतो, शेती करणाऱ्या पोराला मुलगी मिळत नाही आणि आपण वऱ्हाडात जेवून येतो. लग्नाच्या बाजारात नोकरीची बोली लावणाऱ्यांनी भरतीतल्या दलालीविरुद्ध गळा काढू नये.

21 नोव्हेंबर 2025 पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या. मुदतबंद नेमणुकीला त्यांत राजरोस जागा आहे. सोबत वर्षभराच्या नोकरीवर ग्रॅच्युइटीही आहे. अकरा महिन्यांवर कात्री का चालवली जाईल, हे सांगायला ज्योतिषी नको. म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. जिल्ह्यातल्या प्रत्येक कार्यालयाने आपल्या रिक्त जागांचा फलक दारावर लावावा. बारमाही कामावर कंत्राटी माणूस नेमणे बंद व्हावे, आणि ते आधी सरकारी कार्यालयात बंद व्हावे. भरती रद्द झाली तर शुल्क व्याजासह परत मिळावे. मराठवाड्याचे मंडळ अधिकारांसह परत यावे.

धाराशिवच्या तरुणांनो, पुढचा उमेदवार दारात येईल तेव्हा त्याला झेंड्याचा रंग विचारू नका, जात विचारू नका. नेमणुकीच्या पत्रावर मुदत किती महिन्यांची लिहिणार, तेवढे विचारा. उत्तर अकरा आले, तर त्यालाही तेवढीच मुदत द्या.