पेढ्याची तलफ, नशेची तलफ: मेंदूला फरक कळतो का?

जेवण होऊन अर्धा तासही झालेला नसतो. तरी धाराशिवहून बीडकडे जाताना कुंथलगिरी पेढ्याची पाटी दिसली की गाडीचा वेग कमी होतो. पोटाला भूक नसते, मागणी मेंदूची असते. आपण त्याला 'खाण्याचा मोह' म्हणतो आणि हसून सोडून देतो. याच जिल्ह्यात फेब्रुवारी २०२५ मध्ये तामलवाडी पोलिसांनी एमडी म्हणजे मेफेड्रोन पकडलं आणि तुळजापूरचं ड्रग्ज प्रकरण राज्यभर गाजलं. पेढा आणि एमडी ही दोन टोकं वाटतात. मेंदूत मात्र दोन्ही तलफांची वाट बरीचशी एकच आहे.

मेंदूत नेमकं काय होतं?

तलफेच्या मुळाशी डोपामाइन हे रसायन आहे. त्याची ओळख 'आनंदाचं रसायन' अशी असली, तरी मेंदूशास्त्रज्ञ केंट बेरिज यांच्या मते त्याचं मुख्य काम 'आवडणं' नव्हे, तर 'हवंहवंसं वाटणं' हे आहे. म्हणूनच चौथा पेढा पहिल्याइतका गोड लागत नाही, तरी हात डब्याकडे जातो. नशेतही हेच घडतं: मजा घटत जाते, ओढ वाढत जाते. पाटी, वास, ठरलेली वेळ, ठरलेले मित्र अशी एखादी खूण दिसली की तलफ जागी होते.

२००४ मध्ये मार्सिया पेल्चट यांच्या गटाने आवडत्या पदार्थाची कल्पना करणाऱ्यांचे मेंदू स्कॅन केले. त्यात हिपोकॅम्पस, इन्सुला आणि कॉडेट हे भाग सक्रिय दिसले. अमली पदार्थांच्या तलफेशीही हेच भाग जोडले गेले आहेत.

मग पेढा म्हणजे ड्रग्ज का?

नाही. एमडीसारखे पदार्थ डोपामाइन अन्नापेक्षा कितीतरी जास्त वाढवतात. शिवाय अन्नाला पोट भरल्याचा लगाम असतो. अमेरिकेच्या 'डीएसएम-५' या मानसिक आजारांच्या वर्गीकरणात २०१३ मध्ये जुगाराच्या व्यसनाला जागा मिळाली, अन्नाच्या व्यसनाला नाही.

पण हा लगाम सैल करता येतो. २०१९ मध्ये केविन हॉल यांनी अमेरिकेत २० जणांना दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेलं आणि दोन आठवडे साधं जेवण दिलं. दोन्ही वेळा हवं तेवढं खायची मुभा होती. अतिप्रक्रिया केलेलं अन्न असताना ते दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होते. सणावाराचा पेढा ही गंमत आहे. मधल्या सुट्टीत रोज फोडलं जाणारं पाच रुपयांचं पाकीट ही सवय आहे.

उपाय काय?

तलफ खुणेतून जागी होत असेल, तर नुसतं 'मनावर ताबा ठेव' म्हणून भागत नाही. खूणच दूर करावी लागते. कायद्याने शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकता येत नाही. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार जास्त साखर, मीठ आणि चरबी असलेले पदार्थ शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत मुलांना विकता येत नाहीत. पहिला नियम बहुतेकांना ठाऊक असतो. दुसरा पालकसभेत कुणी विचारतं का? ग्रामपंचायत आणि शाळा व्यवस्थापन समिती यांनी ठरवलं, तर हे ५० मीटर मोकळे करणं अवघड नाही.

दुसरी गोष्ट नजरेची आहे. जेवणानंतरही पेढ्यापाशी थांबणाऱ्याला तलफ म्हणजे काय हे थोडंफार कळतं. एमडीच्या विळख्यातल्या पोराची तलफ त्याच्या कैकपट असते. विकणाऱ्यांवर कारवाई हवीच. पण एनडीपीएस कायद्याचं कलम ६४-अ, अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यातील व्यसनी व्यक्तीने स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेतले, तर तिला खटल्यापासून संरक्षण देतं. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ ही राष्ट्रीय हेल्पलाइनही आहे. घरच्यांनी लपवण्याआधी आणि गावाने बोट दाखवण्याआधी हा नंबर फिरवायला हवा.