सर्व्हर भाड्याचा, जबाबदारी आपली

फायनल इयरच्या प्रोजेक्टचं स्टार्टअप झालं, किंवा ग्रुपचा गेमिंग सर्व्हर भलताच हिट झाला, की क्लाउडवरचं छोटं मशीन धापा टाकायला लागतं. मग हमखास वाद पेटतो. अख्खा सर्व्हर दरमहा भाड्याने घ्यायचा, की सगळ्यांनी पैसे काढून स्वतःचाच विकत घ्यायचा आणि डेटा सेंटरमध्ये नेऊन ठेवायचा?

या दुसऱ्या प्रकाराला को-लोकेशन म्हणतात. मशीन तुमचं, रॅकमधली जागा, वीज, कूलिंग आणि इंटरनेट डेटा सेंटरचं. त्याचे पैसे दर महिन्याला मोजायचेच असतात. त्यामुळे ‘एकदा विकत घेतला की भाड्याची कटकट संपली’ असं ग्रुपमधलं कुणी म्हणत असेल, तर त्याला आधी खाली बसवा!

आता कागद-पेन घ्या. हिशेब समजावा म्हणून आकडे धरू. समजा, सर्व्हर १,८०,००० रुपयांचा. तो ठेवायचं भाडं महिना ६,००० आणि तसाच सर्व्हर भाड्याने घेतला तर महिना १२,०००. म्हणजे स्वतःच्या मशीनमुळे दरमहा ६,००० वाचतात. घातलेले पैसे वसूल व्हायला ३० महिने, म्हणजे अडीच वर्षं. त्यात एखादी हार्ड डिस्क गेली, पॉवर सप्लाय उडाला, की आणखी काही महिने वाढवा. त्यानंतर मात्र स्वतःचं मशीन खरंच स्वस्त पडतं, हेही मान्य करायला हवं.

मोठे लोक हे करतातच की! विकिपीडिया चालवणारं विकिमीडिया फाउंडेशन स्वतःचे सर्व्हर विकत घेतं आणि व्हर्जिनिया, टेक्सास, ॲमस्टरडॅम, सिंगापूर अशा ठिकाणी भाड्याच्या जागेत ठेवतं. ‘बेसकॅम्प’ बनवणाऱ्या ३७सिग्नल्स या कंपनीने २०२२ मध्ये क्लाउड सोडत असल्याचं जाहीर केलं आणि डेलचे सर्व्हर विकत घेऊन डेटा सेंटरमध्ये लावले. ही उदाहरणं वादात फेकायला भारी आहेत. पण या दोघांकडे काय आहे, तेही बघा. पुढची चार-पाच वर्षं साधारण किती लोड येणार याचा त्यांना अंदाज आहे आणि सर्व्हर सांभाळायला पगारी माणसं आहेत.

तुमच्याकडे काय आहे? चार मित्र. त्यातला एक प्लेसमेंट लागली की बेंगळुरूला जाणार, एक जीआरई देतोय, एकीच्या घरी ‘आता हे उद्योग पुरे’ असं बोलणं सुरू झालंय. अडीच वर्षांनी हा ग्रुप एका गावात असेल का? माझ्या मते या वादातला खरा प्रश्न हाच आहे. मशीन किती वर्षं टिकेल हे सगळे विचारतात. ग्रुप किती वर्षं टिकेल हे कुणीच विचारत नाही. ज्याच्या नावावर बिल आणि डेटा सेंटरचा करार असतो, तो शेवटी एकटाच त्या रॅकचं भाडं भरत बसतो. पैशांवरून मैत्री तुटायला याहून कमी कारणंही पुरतात.

शिवाय डिस्क गेली की धावायचं कुणी? डेटा सेंटर महापेला आणि तुम्ही कोल्हापूरला असाल, तर रात्रीची एसटी पकडा, नाहीतर तिथल्या माणसाला हात लावायला सांगा आणि त्याचे वेगळे पैसे भरा. भाड्याच्या सर्व्हरमध्ये तिकीट टाकलं की डिस्क बदलून देणं ही कंपनीची जबाबदारी असते.

म्हणून माझं मत सरळ आहे: कॉलेजमध्ये असेपर्यंत भाड्यानेच घ्या, तेही महिन्याच्या करारावर. वर्षाचे पैसे आधी भरले तर सूट मिळते, पण त्या मोहात लगेच पडू नका. एक वर्ष चालवा. लोड किती, कमाई किती, रात्री दोनला फोन उचलतं कोण, हे कळेल. ३० महिने सोबत राहायची आणि भाडं भरायची तयारी सगळ्यांनी लेखी दिली, तर खुशाल स्वतःचं मशीन घ्या. हार्डवेअर उघडून शिकायची हौस असेल, तर जुना डेस्कटॉप घ्या आणि त्यावर लिनक्स टाका. ती हौस तेवढ्यात भागते.

पण भाड्याचा आहे म्हणून निवांत झोपूही नका. १० मार्च २०२१ ला फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गमध्ये ओव्हीएच क्लाउड कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली आणि एक अख्खी इमारत खाक झाली. ‘रस्ट’ या गेमच्या युरोपातल्या २५ सर्व्हरवरचा डेटा कायमचा गेला. जळालेलं मशीन कंपनीचं असतं, ती दुसरं आणते. डेटा मात्र तुमचा. त्याचा बॅकअप दुसऱ्या शहरात, शक्यतो दुसऱ्या कंपनीकडे ठेवा आणि महिन्यातून एकदा तो खरंच परत उघडतो का, हे करून बघा. सर्व्हर भाड्याचा असो की मालकीचा, हे काम तुमच्यासाठी दुसरं कुणी करत नाही.