जमात यादीत, माणूस बाहेर

भोर आणि वेल्हे हे पुणे जिल्ह्याचे दोन डोंगरी तालुके. वेल्ह्याचे नाव राजगड करण्याचा निर्णय सरकारने २०२४ साली घेतला, पण बोलण्यात अजून वेल्हेच आहे. आपल्या कापूस-ज्वारीवाल्या मंडळींना हा मुलूख परका वाटेल. तिथे पाऊस आपल्या कितीतरी पट. उतारावर नाचणी-वरई, खाचरात भात. भाटघर, नीरा देवघर, गुंजवणी, पानशेत, वरसगाव ही सगळी धरणे याच दोन तालुक्यांत. पाणी मात्र खाली पुणे शहराला आणि नीरेच्या कालव्यांना जाते. मग जिल्हा बैठकीच्या या अंकात तिथली गोष्ट कशाला?

कारण तिथे जे पाहिले ते आपल्या दारातही आहे. फक्त आपण तिकडे पाहत नाही.

वेल्ह्याच्या एका कातकरी वाडीवर आम्ही गेलो होतो. वाडीतली एक बाई ग्रामपंचायतीवर अनुसूचित जमातीच्या राखीव जागेतून निवडून आली होती. वर्ष-सव्वा वर्षात तिचे सदस्यत्व गेले. पैसा खाल्ला नाही, सभा चुकवली नाही. वैधता प्रमाणपत्र मुदतीत सादर झाले नाही, एवढाच गुन्हा. कचेरीत तिला सांगण्यात आले, १९५० च्या आधीचा पुरावा आणा. ती आम्हाला म्हणाली, "दादा, आमचा आजा रानात कोळसा पाडीत हुता. त्याचा शाळंचा दाखला कुठनं आणू?"

या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते. शेतीशास्त्राची पदवी घेऊन वीस वर्षे आम्ही शेतकऱ्याला खत किती आणि पेरा कधी ते सांगत आलो. दाखला कुठून आणायचा ते आम्हाला कोणी शिकवले नव्हते. परत आल्यावर कायदे वाचले, जाणत्या वकिलांना विचारले. त्यातून जे कळले ते बैठकीपुढे ठेवतो.

यादी आणि दाखला

घटनेच्या ३४१ आणि ३४२ या कलमांखाली राष्ट्रपतींनी १९५० साली अनुसूचित जाती आणि जमातींच्या याद्या काढल्या. त्या यादीत एक शब्द वाढवायचा किंवा कमी करायचा अधिकार फक्त संसदेला. मुख्यमंत्र्याला नाही, कोर्टालाही नाही. हलबा-कोष्टी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००० साली हेच बजावले. विदर्भातल्या मंडळींना ते प्रकरण चांगले ठाऊक आहे.

महाराष्ट्राच्या यादीत कातकरी आहेत, महादेव कोळी आहेत, ठाकर आहेत. कातकरी तर राज्यातल्या तीन अतिमागास आदिम जमातींपैकी एक. बाकीच्या दोन कोलाम आणि माडिया गोंड. २०२३ च्या नोव्हेंबरात केंद्राने अशा जमातींसाठी पंतप्रधान जनमन योजना काढली. म्हणजे कातकरी जमातीला मान्यता आहे की नाही हा वादच नाही.

पण यादीत जमातीचे नाव असते, माणसाचे नसते. माणसाला जमातीशी जोडणारा धागा म्हणजे दाखला. तो प्रांताच्या कचेरीतून मिळतो. त्याची पडताळणी वेगळी समिती करते. त्यासाठी वडील-आजोबा ६ सप्टेंबर १९५० ला कुठे राहत होते आणि त्यांची जात कागदावर काय लागली होती हे दाखवावे लागते. अनुसूचित जातींसाठी तारीख १० ऑगस्ट १९५०. विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१.

ज्याच्या नावावर सातबारा आहे, ज्याचा आजा शाळेत गेला, त्याला हे जमते. कातकऱ्याच्या नावावर जमीन नव्हती. खैराच्या झाडाचा कात काढायचा, कोळसा पाडायचा, दुसऱ्याच्या बांधावर राबायचे, दिवाळीनंतर वीटभट्टीला जायचे. त्याचा कागद कोण ठेवणार? भोर हे १९४८ पर्यंत पंतसचिवांचे संस्थान होते. जुने दप्तर मोडीत. ते शोधायचे कोणी आणि वाचायचे कोणी? त्यात धरणांनी गावेच्या गावे उठवली, माणसे पांगली. जो सर्वांत गरीब, त्याच्याकडे सर्वांत जुना कागद मागायचा, असा हा न्याय आहे.

महादेव कोळ्याची अडचण दुसरी. मास्तराने दाखल्यावर नुसते "हिंदू कोळी" लिहून ठेवलेले असते. यादीत "कोळी महादेव" आहे, नुसता कोळी नाही. १९९४ च्या माधुरी पाटील खटल्यात अशाच नोंदींवरून दावा गेला, आणि त्याच निकालात सर्वोच्च न्यायालयाने आजची पडताळणीची पद्धत घालून दिली.

बियाण्याची पिशवी

इथे कोणी म्हणेल, पडताळणी नको का? बोगस दाखले काय कमी आहेत?

पडताळणी हवीच. ज्याने बोगस बियाण्याने हंगाम गमावला आहे त्याला हे सांगायला नको. पिशवीवर प्रमाणित बियाण्याचा टॅग आणि आत भलतेच वाण, यात लुटला जातो तो खरा गरजू. खोट्या दाखल्यावर डॉक्टर-इंजिनिअर झालेल्यांनी नेमके हेच केले. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली सांगितले की खोट्या दाखल्यावर मिळवलेली नोकरी टिकणार नाही. ते योग्यच झाले.

पण बियाण्याची तपासणी कशी होते ते आठवा. अधिकारी शेतावर येतो, उभे पीक पाहतो, भेसळीची झाडे उपटायला लावतो. मग नमुना प्रयोगशाळेत जातो. पैदाशीचा कागद लागतोच, पण शेत पाहिल्याशिवाय टॅग मिळत नाही. माणसाच्या बाबतीत उलटे होते. ज्याला कागद तयार करता येतो तो पार पडतो आणि वाडीवर पिढ्यान् पिढ्या नांदणारा खरा कातकरी कागदापायी अडतो. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये ठाकर जमातीच्या प्रकरणात सांगितले की रीतीरिवाजाची परीक्षा ही एकमेव कसोटी धरू नका, जुन्या कागदाला वजन द्या. ज्याच्याकडे कागद आहे त्याचे त्याने भले झाले. ज्याच्याकडे कागदच नाही त्याच्यासाठी समितीनेच वाडीवर गेले पाहिजे. आज वेल्ह्याच्या माणसाला आदिवासी प्रकल्प कचेरी गाठायची तर अख्खे पुणे ओलांडून आंबेगाव तालुक्यात घोडेगावला जावे लागते. दोन दिवसांची मजुरी त्यातच जाते.

दाखल्यावर काय काय टांगले आहे

दाखला म्हणजे नुसती नोकरी आणि कॉलेजचा प्रवेश, असे आपल्याकडे अनेकांना वाटते. जमीनसुद्धा त्यावरच टांगलेली आहे.

२००६ च्या वनहक्क कायद्यात आदिवासीने १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासूनचा ताबा दाखवला की दावा उभा राहतो. चार हेक्टरपर्यंत जमीन नावे होऊ शकते. आदिवासी नसलेल्या वनवासीयाला मात्र तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. दाखला नसलेला कातकरी या दुसऱ्या रांगेत ढकलला जातो. तसेच जमीन महसूल संहितेत आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला परवानगीशिवाय घेता येत नाही. पुणे शहर डोंगरावर चढत असताना, फार्महाऊसवाले बांधाबांधाने फिरत असताना, हे संरक्षण केवढ्या मोलाचे आहे ते सांगायला नको. पण मालक आदिवासी असल्याची नोंदच नसेल तर ते कागदावरच राहते.

त्याच डोंगरात गवळी धनगरांचे वाडे आहेत. तेही तीन पिढ्यांच्या पुराव्यात अडकतात. धनगरांची जमातीच्या यादीतली मागणी यादीतल्या "धनगड" या शब्दावर उभी होती. ती मुंबई उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये फेटाळली. आमचे मत स्पष्ट आहे. धनगराची गरिबी खरी आहे, पण तिचा इलाज कातकऱ्याच्या ताटातला नाही. खाली मैदानात रामोशी आहेत, उमाजी नाईकांचे वारसदार. इंग्रजांच्या गुन्हेगार जमाती कायद्याचा डाग १९५२ साली कागदावरून पुसला आणि नाव विमुक्त जातींत आले. पण विधानसभेत-लोकसभेत विमुक्त-भटक्यांना एकही राखीव जागा नाही. एका उपाशाला दुसऱ्या उपाशाच्या अंगावर घालणारे राजकारण कोणाचे पोट भरते ते ओळखा.

खुर्चीचे गणित

आता प्रतिनिधित्वाचे पाहू. विधानसभेच्या २८८ जागांत अनुसूचित जातींना २९ आणि जमातींना २५ राखीव. लोकसभेच्या ४८ पैकी ५ आणि ४. जमातीच्या जागा जिथे त्यांची वस्ती दाट तिथेच ठेवायच्या, असा मतदारसंघ फेररचनेचा नियम. त्यामुळे भोरसारख्या विखुरलेल्या वस्तीच्या मतदारसंघात त्यांचा आमदार होण्याची शक्यताच नाही. जुन्नर-आंबेगावचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. तिथे १९९६ चा पेसा कायदा लागू आहे आणि ग्रामसभेला वेगळे अधिकार आहेत. भोर-वेल्हे त्या क्षेत्राबाहेर. सह्याद्री एक, जमात एक, पण नकाशावरच्या रेषेने हक्क वेगळे.

उरली ग्रामपंचायत. समजा १,४०० वस्तीचे गाव, सात सदस्य. वाडीवर कातकरी ९०. सातातला त्यांचा वाटा अर्धी जागासुद्धा भरत नाही. म्हणजे शून्य. ती वाडी दोन प्रभागांत चिरली तर मताचा जोरही गेला.

ही संख्या येते जनगणनेतून. पुढची जनगणना २०२७ ची, संदर्भ-दिवस १ मार्च, आणि तीत जातींचीही नोंद करण्याचे सरकारने जाहीर केले आहे. फेब्रुवारीत कातकरी कुठे असतो? वीटभट्टीवर. गणतीच्या सगळ्या दिवसांत जो घरी नसतो तो जिथे सापडेल तिथे मोजला जातो. भट्टीवर मोजला तर वाडीचा आकडा घटला. तिथेही सुटला तर तो देशातच नाही. आणि भावांनो, फेब्रुवारीत आपल्या कोरडवाहू गावातले ऊसतोडीला गेलेले कुठे असतात? कारखान्याच्या फडात. कोयता घेऊन गेलेल्यांत दलित किती, वंजारी किती, भिल्ल-पारधी किती ते आपापल्या गावात मोजून पाहा. म्हणून आम्ही म्हणालो, ही गोष्ट आपल्या दारातली आहे.

आपला दोष

सगळा दोष सरकारवर टाकून मोकळे होता येणार नाही. येरवड्याच्या तुरुंगात २४ सप्टेंबर १९३२ ला पुणे करार झाला. स्वतंत्र मतदारसंघ सुटले, राखीव जागा ७१ च्या १४८ झाल्या, पण निवडून देणारे मतदार सगळे एकत्र. डॉ. आंबेडकरांना ही तडजोड किती जड गेली ते सर्वांना माहीत आहे. तिचे फळ आज गावोगाव दिसते. सरपंचपद राखीव निघाले की आपल्याच ओट्यावर बैठक बसते. कोण "ऐकणारा" आहे ते ठरते. शिक्का त्याच्या हातात आणि दप्तर आपल्या घरात. तो स्वतःच्या बुद्धीने वागू लागला की अविश्वास ठराव येतो. वेल्ह्याच्या त्या बाईची जागा गेली तेव्हा मुदतवाढीसाठी किंवा वकिलासाठी गावातल्या एकाही खातेदाराने धडपड केली नाही. अशी गावे आम्ही आपल्या भागातही पाहिली आहेत, आणि तिथे आम्हीही गप्प बसलो आहोत.

शेतकऱ्याला जात नसते असे आपण व्यासपीठावर म्हणतो. भावाच्या लढाईत ते खरेही आहे. कापसाचा दर पडला की तो सगळ्यांचाच पडतो. पण दर पडल्यावर ज्याच्याकडे सातबारा नाही, दाखला नाही आणि पंचायतीत माणूस नाही, तो आपल्याआधी मरतो. त्याला बरोबर न घेता उभारलेली एकजूट एका बाजूने कुजलेल्या जुवासारखी असते. दोन्ही बैल ओढतात, पण गाडी हलत नाही.

बैठकीपुढे ठेवायचे

एक, प्रत्येक शाखेने आपल्या गावातल्या किती कुटुंबांकडे जातीचा दाखला नाही याची यादी करावी. कोणत्या कागदापायी अडले तेही लिहावे.

दोन, पडताळणी समितीने वाडी-तांड्यावर येऊन चौकशी करावी आणि जुने दप्तर, कोतवाल बुके, जन्म-मृत्यूच्या नोंदी सरकारने स्वतः शोधून द्याव्यात, असा ठराव करावा. पुराव्याचा खर्च गरिबावर नको.

तीन, राखीव जागेवर निवडून आलेल्याने वेळेत अर्ज केला असेल आणि उशीर समितीचा असेल तर सदस्यत्व जाऊ नये, ही मागणी लावून धरावी.

चार, २०२७ च्या गणतीत भट्टी, फड आणि पाल एकही सुटू नये, आणि हंगामापुरत्या बाहेर गेलेल्यांची त्यांच्या गावाच्या हिशेबी नोंद व्हावी, यासाठी आताच जिल्हाधिकाऱ्यांना निवेदन द्यावे.

पाच, आणि हे सरकारकडे मागायचे नाही. गावचा राखीव सरपंच आपल्या ओट्यावर ठरणार नाही, असा निश्चय प्रत्येकाने घरी करून मगच बैठकीला यावे.

ती बाई यंदाही दिवाळीनंतर भट्टीला गेली. जाताना सदस्यत्व रद्द झाल्याचा कागद तिने प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आमच्याकडे ठेवायला दिला, पावसापाण्याने जाऊ नये म्हणून. तिच्या जमातीचे नाव लिहिलेला तेवढाच एक सरकारी कागद तिच्याजवळ आहे.