क्षमायाचनेनंतरचे कर्तव्य

१९ फेब्रुवारी २०१३ रोजी आयर्लंडचे तत्कालीन पंतप्रधान एंडा केनी यांनी मॅग्डालेन लॉन्ड्रींमध्ये राबवल्या गेलेल्या स्त्रियांची संसदेत क्षमा मागितली. १९२२ ते १९९६ या काळात सुमारे १० हजार स्त्रिया व मुली नन चालवीत असलेल्या या बंदिस्त धुलाईगृहांत विनावेतन कष्टत होत्या. ज्ञात नोंदींपैकी चतुर्थांशाहून अधिक प्रवेशांमागे शासनयंत्रणाच होती. त्यामुळे शासनाला केवळ साक्षीदाराची भूमिका घेता येणार नव्हती.

प्रश्न क्षमेनंतरचा आहे. दूषित रक्तातून हेपॅटायटिस-सीची बाधा झालेल्यांना त्या देशात १९९६ च्या कायद्याने विशेष आरोग्यपत्र मिळाले. औषधे, दंतोपचार, घरपोच शुश्रूषा, समुपदेशन यांची व्यापक हमी त्यात आहे. न्यायमूर्ती जॉन क्वर्क यांनी २०१३ मध्ये धुलाईगृहांतील स्त्रियांसाठीही त्याच दर्जाच्या सेवांची शिफारस केली. शासनाने ती स्वीकारली; पण २०१५ चा कायदा आला, तो तुलनेने तोकडा. हाती पडले ते सामान्य वैद्यकीय पत्राहून फारसे वेगळे नाही, असा आक्षेप या स्त्रियांच्या बाजूने लढणाऱ्यांनी घेतला. शब्द मोठा आणि हात आखडता, असे हे चित्र.

माता-बालक गृहांबाबत तेच घडले. चौकशी आयोगाच्या जानेवारी २०२१ च्या अहवालानुसार तपासलेल्या संस्थांत सुमारे ९ हजार बालके दगावली. तेथील मुलांवर लसींच्या चाचण्या झाल्याचेही त्यात नमूद आहे. मार्च २०२४ मध्ये साह्ययोजना सुरू झाली. शासनाच्याच अंदाजाने सुमारे ३४ हजार जण आर्थिक साह्यास पात्र. आरोग्यपत्र मात्र सुमारे १९ हजारांनाच. कारण त्यासाठी १८० दिवसांचा निवास आवश्यक! त्याहून कमी काळ राहिलेल्या बालकांना तर आर्थिक साह्यही नाही.

आघात दिवसांनी मोजता येतो काय? आईपासून तोडून दत्तक दिलेल्या मुलाला वैद्य विचारतात, 'घराण्यात कोणाला हृदयविकार होता?' त्याच्यापाशी उत्तर नसते. स्वतःच्या जन्माची संपूर्ण माहिती मिळण्याचा कायदेशीर हक्कच दत्तकांना २०२२ मध्ये मिळाला. ही हानी १७९ व्या दिवशी शून्य आणि १८० व्या दिवशी पूर्ण, असे मानणे हा हिशेब झाला, न्याय नव्हे.

राजकोषाला मर्यादा असतात आणि पात्रतेला काही निकष लागतोच, हे मान्य. परंतु तो निकष गरजेचा आणि हानीचा असावा, दिनदर्शिकेचा नसावा. शिवाय हे लाभार्थी वृद्ध आहेत. विलंबाने वाचणारा प्रत्येक पैसा त्यांच्या मृत्यूतून वाचतो. औद्योगिक शाळांमध्ये बालपण हरवलेल्या काही जणांनी २०२५ मध्ये डब्लिनच्या संसदेबाहेर उपोषण केले, तेही त्या १९९६ च्या आरोग्यपत्रासाठी व निवृत्तिवेतनासाठी. ज्यांना बालपणी पोटभर अन्न मिळाले नाही, त्यांना उतारवयात हक्कासाठी अन्न सोडावे लागणे, यापरते दुर्दैव ते कोणते?

अनाथ, परित्यक्ता आणि अविवाहित माता यांना समाज भिंतीआड लोटतो, तेव्हा त्यांचे दायित्वही समाजाचेच होते. ते संस्थेचे दार बंद झाल्यावर संपत नाही. क्षमा संसदेत मागितली जाते. ती खरी होती की नाही, हे रुग्णालयाच्या खिडकीपाशी ठरते.