पायाखालची उधळपट्टी

बडोदे शहराच्या वायव्य अंगाला गोरवा नावाची वस्ती आहे. एके काळचे हे स्वतंत्र गाव आज शहरात पुरते मिसळून गेले असून, १९०७ साली स्थापन झालेल्या अलेम्बिकसारख्या जुन्या उद्योगाच्या आणि त्यानंतर उभ्या राहिलेल्या लहानमोठ्या कारखान्यांच्या सान्निध्यात ते वाढले आहे. येथून पुढे जाणारा रस्ता कोयलीच्या तेलशुद्धीकरण कारखान्याकडे जातो. पंडित नेहरूंनी १९६३ साली ज्याची पायाभरणी केली, सोव्हिएत साहाय्याने उभा राहून १९६५ साली जो सुरू झाला आणि १९६६ साली राष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन यांच्या हस्ते ज्याचे रीतसर उद्घाटन झाले, तोच हा कारखाना. गुजरातच्या भूमीतून निघालेले तेल गाळण्यासाठी तो प्रथम उभारला गेला. आज वर्षाला १ कोटी ३७ लाख टनांपर्यंत वाढलेल्या त्याच्या भुकेला ते तेल पुरत नाही. सलायाच्या किनाऱ्यावर उतरणारे परदेशी तेलही शेकडो किलोमीटर लांबीच्या नळातून त्याच्यापर्यंत आणावे लागते.

म्हणजे पेट्रोलच्या उंबरठ्यावर राहणारा गोरव्याचा नागरिकसुद्धा परक्याच्या विहिरीवरच पाणी भरतो आहे. मग आमच्यासारख्या सागरकिनारी राज्याने आपल्याला तेल कोठून आणि किती सायासाने मिळते, याचा विसर पडू देणे कितपत शहाणपणाचे? देशाच्या गरजेपैकी ८५ टक्क्यांहून अधिक खनिज तेल बाहेरून येते. आखातात तोफा धडाडल्या की येथील गृहिणीच्या जमाखर्चाची घडी विस्कटते. अशा वेळी सरकारला दोष देण्याची आपल्याकडे प्रथा आहे. इंधनावरील करांचा भार जड आहे आणि त्याबद्दल जाब विचारणे हे वृत्तपत्रांचे कर्तव्यच आहे; तथापि तेलाच्या खर्चाचा एक हिस्सा असा आहे की, तो ना आखातात ठरतो ना दिल्लीत. तो मोटार हाकणाऱ्याच्या उजव्या पायाखाली ठरतो. त्याची चर्चा मात्र अभावानेच होते.

हा हिस्सा किती, याचा साधा हिशेब कोणालाही करता येईल. सुमारे हजार किलो वजनाची लहान मोटार ताशी ६० किलोमीटरच्या वेगाने चालली असता तिच्या अंगी जो वेग साठलेला असतो, तो निर्माण करण्यासाठी इंजिनाला अदमासे १५ ते २० मिलिलिटर पेट्रोल जाळावे लागते. आचमनाच्या तीन पळ्या भराव्यात एवढे हे इंधन. पुढे सिग्नल लाल दिसत असतानाही अॅक्सिलरेटर दाबून धरायचा आणि अगदी जवळ आल्यावर करकचून ब्रेक मारायचा, असे झाले की त्या तिन्ही पळ्या ब्रेकच्या तबकड्यांत उष्णता होऊन हवेत विरतात. तोच थांबा ताशी ४० च्या वेगावरून घेतला तर नुकसान निम्म्याहूनही कमी होते. आणि सिग्नल दुरून पाहून पाय आधीच उचलला, तर ब्रेकच्या वाट्याला फारसे काही उरतच नाही. असे वीस थांबे घेणारा उतावळा चालक सुमारे तीनशे ते चारशे मिलिलिटरची आहुती देऊन काय मिळवतो? पुढच्या सिग्नलला सावकाश येणाऱ्या शेजाऱ्याच्या बरोबरीने उभे राहण्याचा मान! अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या माहितीप्रमाणे अशा धसमुसळ्या हाकण्याने शहरातील थांबत्या वाहतुकीत गाडीचा ‘अॅव्हरेज’ १० ते ४० टक्क्यांनी, तर महामार्गावर १५ ते ३० टक्क्यांनी घटू शकतो.

मोकळ्या रस्त्यावरचा शत्रू वेगळा. तो म्हणजे वारा. वेग ताशी ६० वरून ९० वर नेला की वाऱ्याचा अडसर दीडपट नव्हे, तर सव्वादोनपट होतो. १९७८ साली स्थापन झालेली पेट्रोलियम संरक्षण संशोधन संस्था ताशी ४५ ते ५५ किलोमीटर हा काटकसरीचा वेग म्हणून सांगत आली, ती याच कारणाने. अर्थात केवळ कायद्याने हे साधत नाही. १९७३ च्या तेलसंकटानंतर अमेरिकेने १९७४ साली सबंध देशात ताशी ५५ मैलांची वेगमर्यादा घातली. ती सर्रास मोडली गेली, आणि १९९५ साली तो कायदाच रद्द झाला. जे लोकांच्या अंगवळणी पडत नाही, ते राजपत्रात छापून रस्त्यावर उतरत नाही, हाच त्याचा धडा.

आता वातानुकूलन यंत्राविषयी. एसी फुकट चालतो असा अनेकांचा गोड समज असतो, कारण त्याचे वीजबिल घरी येत नाही. वस्तुतः बहुतेक मोटारींत त्याचा कॉम्प्रेसर इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरतो आणि त्याचे बिल टाकीतून वसूल होते. गाडी संथ गतीने चालली असता तिला पुढे नेण्यास फारशी शक्ती लागत नाही. म्हणूनच एसीचा वाटा तेथे सर्वाधिक डोळ्यांत भरतो. कडक उन्हाळ्यात, विशेषतः छोट्या फेऱ्यांत, एसीमुळे अॅव्हरेज पाव हिश्श्याहूनही अधिक घटू शकतो, असे वर उल्लेखिलेल्या ऊर्जा खात्याचेच म्हणणे आहे. गोरव्यात वैशाखात पारा चाळीस अंशांपलीकडे जातो. उन्हात उभ्या केलेल्या मोटारीचे अंतरंग भट्टीसारखे तापते. ते थंड होईपर्यंतच कॉम्प्रेसरची सर्वाधिक दमछाक होते. कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाणारा गृहस्थ ही किंमत पुरेपूर मोजतो आणि गारवा लाभू लागेतो खाली उतरतो.

किनाऱ्यावर पारा इतका चढत नाही, म्हणून आपण सुटलो असे कोणी मानू नये. आपली हवा दमट. तिच्यातील बाष्पाचे पाणी करण्यातच यंत्राची बरीच शक्ती खर्च होते. उभ्या मोटारीखाली टपटपणारे थेंब हा त्याचाच पुरावा. कोरड्या बडोद्यापेक्षा आपल्याकडे ते अधिक टपटपतात, एवढेच.

याचा अर्थ एसी वापरूच नये असा नाही. वृद्ध, रुग्ण आणि तान्ही मुले यांना उकाड्यात बसवून देशाचे परकीय चलन वाचवा, असे आम्ही कधीही म्हणणार नाही. पावसाळ्यात काचेवर साचणारे धुके घालवण्यासाठी तर एसी सुरक्षिततेचेच साधन ठरतो. आणि भरधाव वेगात खिडक्या उघड्या टाकल्या तर वारा आपला कर वसूल करतोच. आमचे म्हणणे तारतम्याचे आहे. गाडी सावलीत उभी करावी. निघताना दोन मिनिटे काचा खाली करून कोंडलेली गरम हवा बाहेर जाऊ द्यावी. मग काचा लावून आतलीच हवा फिरती ठेवावी. सकाळी-संध्याकाळी गल्लीबोळातून जाताना खिडकीवर भागवावे. टायरमधील हवा पंधरवड्याला तपासावी. यांतील एकाही गोष्टीला पैसा पडत नाही.

ज्याचे समर्थन कोणत्याही तारतम्यात बसत नाही, तो प्रकार मात्र निराळाच आहे. सरकारी कचेऱ्यांच्या आवारात आणि समारंभाच्या मांडवाबाहेर साहेबांची वाट पाहत, इंजिन व एसी चालू ठेवून तासन्‌तास उभ्या असलेल्या मोटारी कोणी पाहिलेल्या नाहीत? उभी मोटार तासाला अर्धा लिटर वा त्याहूनही अधिक इंधन पिते, आणि तिचा अॅव्हरेज शून्य असतो. आतल्या एकाला गारवा मिळावा म्हणून तिचा धूर आणि उष्णता शेजारून जाणारा सायकलस्वार, रिक्षावाला आणि कारखान्यातून पाळी संपवून निघालेला कामगार यांच्या तोंडावर सोडली जाते. गोरव्याच्या औद्योगिक वसाहतीत असो की आमच्या राजधानीत, ही केवळ तेलाची नव्हे, तर माणुसकीचीही नासाडी आहे. पैसा जनतेचा असेल तेथे तर ती अक्षम्य ठरते. अर्ध्या मिनिटापेक्षा अधिक थांबायचे असेल तर इंजिन बंद, हा नियम शासनाने प्रथम स्वतःच्या वाहनांना लावावा. आणि वाट पाहणाऱ्या चालकाला बसण्यासाठी पंख्याखालची एखादी खोलीही द्यावी. त्याला उन्हात ठेवून नियम पाळला जाणार नाही.

आणखी एक गोष्ट सरकारला करता येण्याजोगी आहे. मोटार उत्पादकांवर इंधनक्षमतेचे निकष २०१७ पासून लागू आहेत. परंतु ग्राहकाला भुरळ घालणारा अॅव्हरेजचा आकडा आजवर प्रयोगशाळेत, एसी बंद ठेवून आणि ताशी ९० च्या पुढे न जाता काढला जात आला आहे. त्या आकड्याच्या शेजारी एसी चालू ठेवल्यावरचा आकडा तेवढ्याच ठळक अक्षरांत छापला जावा. म्हणजे गारव्याची किंमत काय हे खरेदीच्या वेळीच कळेल. वाहन शिकवणाऱ्या शाळांनीही क्लच आणि गिअरबरोबर पाय केव्हा उचलावा, हे मन लावून शिकवावे.

थेंबे थेंबे तळे साचते, ही म्हण आपण मुलांना शिकवतो. थेंबे थेंबे ते आटतेही, हे मात्र विसरतो. दूरदेशीच्या तेलविहिरींवर आपली सत्ता नाही, जागतिक भावावर नाही, वैशाखाच्या उन्हावर तर नाहीच. सत्ता आहे ती एका पायावर आणि एसीच्या एका बटणावर. जी आपल्या हाती आहे ती चालवून दाखवावी. मग जी इतरांच्या हाती आहे तिच्याबद्दल जाब विचारताना आपला आवाज अधिक खणखणीत लागेल.